आप्पांचं वजन धरून

जीप उजवीकडे कलायची. थोडीथोडकी नाही, लांबून बघणाऱ्यालाही कळेल इतकी; कुणी भरदार माणूस ड्रायव्हरच्या सीटवर बसून डुलकी काढत असावा तशी. आप्पा होते तोवर खरोखरच तसं असायचं. शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली होती, आणि पाठ तर इतकी दुखायची की खाट म्हणू नका, खुर्ची म्हणू नका, त्यांना काही म्हणता काही मानवायचं नाही. मानवायची ती एकच जागा, जीपची सीट. तीस वर्षांत तिने त्यांच्या अंगाचा आकार घेतला होता. जेवणं झाली की एकच्या सुमाराला ते शेडमध्ये जायचे, स्टिअरिंगमागे बसायचे आणि दीड तास तिथेच पडून राहायचे. कुणी विचारलं तर सासूबाई सांगायच्या, "सवतीला घेऊन फिरायला गेलेत." जीप बावन्न वर्षांची, आप्पांनी जुनीच विकत घेतलेली, तीही लग्नाच्या आधी; सासूबाई तिला सवतच म्हणत.

आप्पांना जाऊन दहा महिने झाले होते. जीप अजून उजवीकडेच कलत होती.

सुनेच्या मनात हे घोळायला लागलं ते नोकरीचं पत्र आल्यावर. खाली गावात माती तपासायची प्रयोगशाळा होती, तिथे तिला घेतलं होतं. त्याच इमारतीत पाळणाघर होतं, म्हणजे चौदा महिन्यांच्या ठकीला सोबत नेता येणार होतं. सगळं कसं छान जुळून आलं होतं. मध्ये फक्त सात किलोमीटरचा उतार होता. त्यांचं घर डोंगरावर, पाण्याच्या मोठ्या टाकीशेजारी. आप्पा तिथला पंप सांभाळायचे, आता तिचा नवरा सांभाळायचा. आठवड्यातून एखादा दिवस सोडला तर त्याला पंपावरून हलता येत नसे. म्हणजे येत्या एक तारखेपासून रोज ती, ठकी आणि ही सवत.

उताराचा रस्ता खडीचा. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे काहीच नाही. मधला दोनेक किलोमीटर तर पत्र्याच्या छपरासारखा बारीक बारीक लाटांचा होऊन बसला होता. गेल्या आठवड्यात नवरा चालवत असताना त्या लाटांवर जीपचा मागचा भाग अलगद बाजूला सरकला होता. फार नाही, वीतभर. ज्या बाजूला काहीच नव्हतं त्या बाजूला.

"नाचते जरा," नवरा हसत म्हणाला होता. "शॉकअप गेलेत तिचे. बदलून घेऊ."

ती हसली नव्हती. ठकी जन्मल्यापासून ती तशी बऱ्याच गोष्टींवर हसेनाशी झाली होती. टेबलांच्या कोपऱ्यांना तिने कापड गुंडाळलं होतं, ठकी झोपली की नाकासमोर बोट धरून बघायची. पण ती वीत तिच्या डोक्यातून जाईना. तिने हिशेब मांडला होता. रस्त्याची कड तिथून साधारण सहा वीत होती.

आणि दुपारचं ते वेगळंच.

एकच्या सुमाराला ठकी झोपलेली, नवरा पंपावर, सासूबाई आतल्या खोलीत आडव्या. अशा वेळी शेडमधून आवाज यायचा. कर्रर्र, आणि मागोमाग एक बारीकसा हुस्स. तो आवाज तिच्या ओळखीचा होता, आप्पा सीटवर बसले की व्हायचा तोच. तरी पहिल्यांदा तिला वाटलं मांजर असेल, मग वाटलं उन्हाने पत्रा तडकत असेल. तिसऱ्या दिवशी शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी घेऊन ती शेडमध्ये गेली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, डावीकडे आणि उजवीकडे. सकाळी मोजलं तेव्हा उजवी बाजू दोन बोटं खाली होती. सव्वा वाजता मोजलं तर चार बोटं.

तिने परत मोजलं. चारच.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. ती विज्ञानाची पदवीधर. वारलेल्या सासऱ्यांना मोजपट्टीने मोजणाऱ्या सुनेबद्दल लोक काय म्हणतील ते तिला चांगलं ठाऊक होतं. ठकीबद्दलही ती काही बोलली नाही. ठकी अनोळखी माणसाकडे जाणारी पोर नव्हती. जो उचलून घेणार याची तिला खात्री असे, त्याच्यापुढेच ती दोन्ही हात वर करायची. जीपजवळून जाताना ती रिकाम्या सीटकडे बघून दोन्ही हात वर करायची.

शनिवारी तिघं खाली मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये गेले. मिस्त्री आप्पांचे जुने मित्र, मिशी पांढरी, बोटं काळी. त्यांनी जीपला नमस्कार घातला नाही एवढंच. मग पुढच्या मडगार्डवर दोन्ही हात ठेवून सगळा भार दिला आणि सोडलं. जीप वर आली, खाली गेली, वर आली, खाली गेली.

"मोजा, सूनबाई, मोजा. एकदा वर येऊन गप्प बसायला पाहिजे. ही अजून हो-हो करतेय. सभेतल्या पुढाऱ्यासारखी मानच थांबत नाही हिची."

त्यांनी उजव्या चाकाचा शॉकअप काढून तिच्या हातात दिला. हातभर लांबीची लोखंडी नळी, बाहेरून तेलाने चिकट झालेली. "दाबा."

तिने दाबला. दांडा सहज आत गेला आणि आतच राहिला.

"दम संपला," मिस्त्री म्हणाले. "आता नीट ऐका, नाहीतर हा तुमचा नवरा कॉलेजात असल्यापासून नुसती मान हलवतोय. वजन उचलतात ते हे पाटे, चाकावरच्या या वाकड्या लोखंडी पट्ट्या. शॉकअप वजन उचलत नाही. तो फक्त उसळी आवरतो. पोराचा हात धरून चालावं तसा. हात सैल धरला तर पोरगं धावणार, गच्च धरला तर फरफटणार. आपल्याला किती गच्च धरायचाय ते ठरवायचं, बस्स."

"सगळ्यात गच्च घ्या ना मग," नवरा म्हणाला. "आप्पांना कडकच आवडायची गाडी."

"तसं नसतं रे बाबा. हलक्या गाडीला कडक शॉकअप लावला की लाटांवर चाक जमिनीला चिकटतच नाही. टणाटण उड्या. आणि उडालेलं चाक कुठेही जातं. भरल्या गाडीला मऊ लावला की खळग्यात जाऊन आदळते. म्हणून आधी वजन सांगा. रोज गाडीत कोण कोण असणार?"

कंपनी कधीच बंद पडलेली, त्यामुळे मूळचे शॉकअप मिळायचे नव्हतेच. मिस्त्रींनी मापं जुळवून दोन प्रकार काढून ठेवले होते. लांबी तीच, टोकाच्या कड्या त्याच. एक मऊ, तेलाचा. दुसरा कडक, गॅस भरलेला. दोन्ही खोकी बाकावर शेजारी शेजारी होती. मिस्त्रींनी खडू घेतला आणि फरशीवर उकिडवे बसले.

नवरा बोटांवर मोजत सांगू लागला. "ही. पन्नास धरा."

"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली.

"ठकी नऊ. तिची ती खुर्ची चारेक किलो. मागे मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या, चाळीस. आप्पा ब्याण्णव. पाण्याचा कॅन..."

मिस्त्रींनी ब्याण्णव लिहिलं. कॅनचे वीस लिहिले. खाली रेघ ओढली, बेरीज केली. "दोनशे तेराच्या घरात. मग कडकच लागणार, बरोबर म्हणतोयस तू." आणि गॅसच्या खोक्याची दोरी सोडायला लागले.

ती फरशीवरच्या आकड्याकडे बघत राहिली. नवरा चुकला होता, आणि मिस्त्रीही चुकले होते, आणि दोघांनाही पत्ता नव्हता. तीस वर्षं या जीपच्या प्रत्येक कामाला हीच यादी झाली असणार. आप्पा ब्याण्णव. यादीत ते असायचेच, जसं स्टिअरिंग असतं.

"आप्पा धरलेत तुम्ही," ती म्हणाली.

दोरी सोडणारा हात थांबला. नवऱ्याने फरशीकडे पाहिलं, मग गॅरेजच्या दाराकडे. त्याचा चेहरा असा झाला की तिला वाटलं, बोलले नसते तर बरं झालं असतं.

"सवयीने," तो म्हणाला.

मिस्त्रींनी खडू हातात फिरवला. मिशीवरून हात फिरवला. मग कुणाकडेच न बघता विचारलं, "मग? काढायचे आप्पा?"

 नवरा ठकीला कडेवर घेऊन बाहेर गेला, आणि बाहेरून त्याचा आवाज आला, "ते बघ ट्रक, ठकी. केवढा ट्रक." बाहेर ट्रक नव्हता.

आता तिने सांगायचं होतं. आणि हे सगळं नेमकं तिलाच ठाऊक होतं! ज्याला काही माहीत नव्हतं त्याने आप्पांना धरलं होतं, आणि चार बोटांचा फरक जिने स्वतःच्या हाताने मोजला होता तिने त्यांना काढायचं. खरं वजन कुठलं? एकशे एकवीस की दोनशे तेरा? एकशे एकवीस खरं असेल आणि कडक लावले तर लाटांवर चाक उडेल. दोनशे तेरा खरं असेल आणि मऊ लावले तर गाडी खळग्यात आदळेल. दोन्हीकडे ठकी.

"मिस्त्रीकाका, रिकामी गाडी एका बाजूला का कलते?"

"म्हातारे पाटे. तीस वर्षं एकाच अंगाला भार, वाकणारच की."

"आणि दिवसातून एकदा जास्त कलते, असं होतं?"

मिस्त्रींनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "उन्हाने होत असेल," ते म्हणाले. पण ते 'होतं' नाही, 'होत असेल' म्हणाले, आणि मग त्यांनी जुना शॉकअप उगाचच फडक्याने पुसला.

"काढा," ती म्हणाली.

त्यांनी ब्याण्णववर तळहात फिरवला. खडू पुसला गेला, पण फरशी तेलकट होती, आकडा पांढुरका दिसतच राहिला. संध्याकाळपर्यंत चारही मऊ शॉकअप बसले. मिस्त्रींनी परत मडगार्ड दाबून सोडलं. जीप एकदाच वर आली आणि आवरून घेत गप्प उभी राहिली. "वीसच्या वेगाने वाटेतल्या नाल्याच्या खळग्यातून न्या. धक्का झेलणाऱ्या खालच्या रबराला टेकणार नाही. टेकली तर या माझी मिशी काढायला."

एक तारखेला तिला दोन वाजता रुजू व्हायचं होतं. नमुने दुपारीच येत, म्हणून कामाची वेळच दोन ते साडेपाच. सव्वा वाजता ती ठकीला घेऊन शेडमध्ये आली, तर सासूबाई दारात उभ्या.

"जरा थांबून जा की गं."

"आई, दोनला पोचायचंय."

"तसं नव्हे," सासूबाई जीपकडे बघत म्हणाल्या. "त्यांची वेळ आहे."

 म्हणजे घरात आवाज ऐकणारी ती एकटी नव्हती.

मागच्या बैठकी आडव्या, त्यांना पट्टे नव्हते. म्हणून नवऱ्याने ठकीची खुर्ची डावीकडच्या सीटवर नटबोल्टने आवळून दिली होती. तिने पट्टा लावला, ओढून बघितला, परत ओढून बघितला. मग स्वतः बसली. सीटच्या मधोमध खळगा होता. उशी घेतली तरी ती त्यात बुडाली. सासऱ्यांच्या खुर्चीत ती त्यांच्या हयातीत कधी बसली नव्हती.

लाटांचा रस्ता आला तेव्हा तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं. पण जीप सरकली नाही. चाकं जमीन धरून राहिली, नुसती घरघर झाली. ठकीला त्या घरघरीची गंमत वाटली, तिने तोंडाने 'आऽऽ' लावून आपला आवाज थरथरवून घेतला. तिलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

मग नाला. काटा वीसवर होता. ती खळग्यात उतरली, आणि जीप उजवीकडून धाडकन खाली बसली. लोखंड रबरावर आदळल्याचा धक्का पायांतून थेट मणक्यात गेला. ठकीची मान हिसका खाऊन परत सरळ झाली. ती रडली नाही, नुसती आईकडे बघायला लागली.

समोर रस्ता थोडा सपाट होता. तिथे तिने जीप थांबवली, इंजिन बंद केलं, आधी ठकीला काढलं, तिची मान, पाठ, डोळे सगळं तपासलं. पोर ठणठणीत होती. मग तिने वळून पाहिलं. जीप रिकामी होती. रस्ता सपाट होता. उजवी बाजू इतकी खाली गेली होती की मोजपट्टीची गरज नव्हती.

ऊन लख्ख होतं. भीती वाटावी अशी ती वेळच नव्हती, आणि त्यामुळेच जास्त वाटली.

"आप्पा," ती म्हणाली.  "मी तुमचं वजन धरलं नाही. यांनी धरलं होतं. मिस्त्रीकाकांनीही. मीच काढायला लावलं. हे शॉकअप आम्हा दोघींपुरतेच आहेत. तुम्ही बसलात तर आदळते. ठकी आहे सोबत."

काही झालं नाही. लांब कुठेतरी दगड घरंगळला.

"तुम्ही उतरा," ती म्हणाली. सासऱ्यांना ती आयुष्यात असं कधी बोलली नव्हती. त्यांना साधं 'सरका' म्हणायलाही तिला तीन वर्षं लागली असती. तिने ड्रायव्हरचं दार उघडलं, ते धरून बाजूला उभी राहिली. शेवटच्या वर्षी ती अशीच उभी राहायची. त्यांना उतरायला फार वेळ लागे. आधी एक पाय बाहेर. मग चौकट धरायची. मग एक मोठा श्वास. मग दुसरा पाय, आणि 'हं, झालं' म्हणत उभं राहायचं. तिने तेवढा वेळ जाऊ दिला.

उजवी बाजू वर आली. जुन्या शॉकअपची असती तर उसळली असती. ही हळूहळू, कुणीतरी हात धरून उठवल्यासारखी वर आली आणि थांबली. कर्रर्र झालं नाही. हुस्स मात्र झालं.

कडेवरच्या ठकीची मान वळत गेली. दारापासून, जीपच्या पुढून, रस्त्याच्या कडेच्या चपट्या दगडापर्यंत. तिथे ती थांबली.

दोनला दहा कमी होते. तिने ठकीला बांधलं, बसली, दार ओढून घेतलं. आणि घरातल्या थोरल्या माणसाला वाटेत सोडून जाताना जे तोंडून जातं तेच गेलं, "येताना घेते हं."

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोलून बसलो ते.

पहिल्या दिवशी तिने मातीचे अकरा नमुने तपासले आणि त्यातला एकही तिला आठवत नव्हता. वरिष्ठ बाई म्हणाल्या, "लक्ष कुठे आहे? बाळ रडत नाहीये, निवांत राहा." ती निवांत राहिल्यासारखं दाखवत राहिली. डोक्यात एकच चाललं होतं. आपण दगडापाशी थांबलो, तर तो ब्याण्णव किलोंचा भार घेऊन चढायचं, तोच खळगा, तीच ठकीची मान. नाही थांबलो, तर पाठीचं दुखणं असलेला माणूस उन्हात दगडावर, आणि सांगून गेलेली सून आलीच नाही.

साडेपाचला निघाली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. ठकी वाटेतच झोपली. तो दगड लांबून दिसला. तिने वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही, तिकडे पाहिलं नाही. दगड उजवीकडून मागे गेला. पुढे खळगा, जीप त्यात उतरली आणि आवरत वर आली. टेकली नाही. दोघींचं वजन, दोघींचे शॉकअप, हिशेब अगदी बरोबर होता.

आणि तरी शंभरेक पावलांवर तिचा पाय ब्रेकवर गेला.

तिने इंजिन चालू ठेवलं. मागे गेली नाही. मागे जायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं. पण इथवर यायला त्यांना किती वेळ लागेल याचा अंदाज तिला होता. घरापासून शेडपर्यंत त्यांना पाच मिनिटं लागायची. मध्ये दोनदा थांबायचे, आणि थांबलो नाही असं दाखवायला काहीतरी न्याहाळायचे, पत्रा, नळ, आभाळ. हा रस्ता चढाचा. पंधरा मिनिटं तरी. तिने डावीकडे हात लांब करून ठकीच्या नाकासमोर बोट धरलं. ऊब होती. आरशात तिने पाहिलं नाही. सहा मिनिटं झाली, आठ झाली. मागून खडीवर काही वाजलं किंवा वाजलं नाही. इंजिनाच्या आवाजात ठरवणं अवघड होतं.

ठकी जागी झाली. इकडेतिकडे पाहिलं, भूक आठवली, आणि तिने भोकाड पसरलं. आधी थोडं, मग सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं.

"आले, आले, निघालो आपण," ती म्हणाली, आणि पंधरा मिनिटं व्हायच्या आधीच तिने गिअर टाकला.